नऊ हजार की वीस हजार?

प्रश्न (इंदूर): घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या माझ्या मुलीने इंग्रजी शब्दसंग्रहाच्या दोन चाचण्या दिल्या. एकीने ९,००० तर दुसरीने २०,००० शब्द सांगितले. खरा आकडा कोणता मानावा?

उत्तर १: ताई, आधी एकक तपासा. मानसशास्त्रज्ञ ब्रिस्बार्ट व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार इंग्रजी मातृभाषा असलेल्या वीस वर्षांच्या अमेरिकी तरुणाला सरासरी ४२,००० शब्द (‘गो, गोज, वेंट’ हा एकच शब्द धरून) येतात. मात्र ‘नेशन, नॅशनल, नॅशनॅलिटी’ हे एकच कुटुंब धरले, तर तीच संख्या सुमारे ११,१०० शब्दकुटुंबांवर येते. ९,००० ही कुटुंबे असतील, तर मुलीचे मनापासून कौतुक करा.

उत्तर २: काही चाचण्यांत बनावट शब्द पेरलेले असतात, ते ‘येतात’ म्हटल्यास गुण कापतात.

प्रश्नकर्ती: दुसऱ्या चाचणीत असे शब्द नव्हतेच, म्हणून आकडा फुगला असावा; आता उलगडा झाला.