कॅकेक्सियाला मराठीत काय म्हणाल? क्षय, क्षीणता की खंगणं?

झरणी:
कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणतेय. आजार बळावल्यावर अंग झिजत जातं आणि त्याचा माग रक्तात कसा दिसतो, हा विषय. 'कॅकेक्सिया'ला एका जुन्या भाषांतरात 'क्षय' सापडला. तो ठेवला तर वाचणारा थेट टीबीवर जाईल ना?

वऱ्हाडी मिरची:
जाईलच. 'क्षय' कधीचा टीबीच्या नावावर चढलाय. आमच्याकडे सरळ 'खंगला' म्हणतात. वाळणं, रोडावणं, हडकणं उपासानं होतं, परीक्षेच्या काळजीनंही होतं, आणि चार दिवस पोटभर जेवलं की भरून येतं. मावशी आजारी होती तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. ताटात सगळं वाढलेलं असायचं, तरी. आजी म्हणायची, "वाळली नाही गं, खंगलीय."

औषधवाला:
आजींनी व्याख्याच सांगितली! २०११च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही हेच आहे: स्नायू झडतात, आणि नुसतं खाणं वाढवून ते पुरते भरून येत नाहीत. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं, हा त्यातला मुख्य निकष. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'वाईट अवस्था'. 'खंगणे' त्याहून नेमका आहे. 'क्षीणता' नको, साधा अशक्तपणा वाटतो.

झरणी:
ठरलं. आता सीआरपी आणि अल्ब्युमिन, रक्तात तपासतात ती दोन प्रथिनं. 'खंगणे मोजणाऱ्या रक्तचाचण्या' म्हणू?

औषधवाला:
'मोजणाऱ्या' अजिबात नको. मांस किती झडलं ते या चाचण्यांना कळत नाही. शरीरात दाह पेटलेला असतो, इंटरल्यूकिन-६ नावाचं निरोप्या प्रथिन यकृताला तशी वर्दी देतं. मग यकृत सीआरपी बनवायच्या मागे लागतं आणि अल्ब्युमिन मागे पडतं. या दोन चाचण्यांवरून गुण देणाऱ्या ग्लासगोच्या सुधारित गुणांकनात सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेला की १ गुण. शिवाय अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर एकूण २. इथे जास्त गुण म्हणजे वाईट, हेही पत्रकात लिहा. 'सूचक' म्हणा. आणि अल्ब्युमिन कमी दिसलं की "तुम्ही नीट खाऊ घालत नाही" असं घरच्या बाईला ऐकवतात, ते तरी थांबेल.

वऱ्हाडी मिरची:
पण 'दाह' वाचून माणूस म्हणेल, मला तर जळजळ नाही. 'सूज' म्हटलं तर पाय दाबून बघेल.

औषधवाला:
खरंय. 'आतल्या आत धुमसणारा दाह' लिहा, एकदा समजावून. नावांचीच गंमत चाललीय तर आणखी एक: दाह पेटवणाऱ्या ज्या प्रथिनाला आज टीएनएफ म्हणतात, त्याला 'कॅकेक्टिन' असंही नाव होतं, खंगण्यावरूनच पडलेलं. दोन्ही एकच, हे १९८५मध्ये कळलं. अलीकडे जीडीएफ-१५ या दुसऱ्या प्रथिनावर लक्ष आहे. ते मेंदूच्या देठाशी जाऊन भूक मारतं.

झरणी:
मूळ मजकुरात 'भूक कमी होणे' आहे.

वऱ्हाडी मिरची:
छे. 'अन्नावरची वासना उडते' लिहा. मावशीला समोर आवडती खीर ठेवली तरी ती तोंड फिरवायची. त्याला भूक कमी होणं म्हणत नाहीत.

झरणी:
घेतलं. मथळा: 'खंगणे आणि रक्तातील सूचक'. चालेल?

वऱ्हाडी मिरची:
'खंगणं आणि रक्तातल्या खुणा' करा. पत्रक घरात वाचायचंय, कचेरीत नाही.

औषधवाला:
मथळ्यात 'खुणा' चालेल. आत मात्र 'सूचक'च ठेवा, आणि कंसात सीआरपी. रिपोर्टवर तेच छापलेलं असतं.