पाढा येतो, पण 'पेला' म्हणता येत नाही

गोदाकाठ:
माझ्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हातात बरीच शक्ती परतली आहे. वाचा मात्र परतलेली नाही. समोर पेला धरून "बाबा, हे काय?" असे विचारले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि "ते... ते... अगं" यापुढे काही निघत नाही. परवा माझी मुलगी पाढे म्हणताना "सात चोक"ला अडखळली, तेव्हा बाबांनी "अठ्ठावीस" म्हणून सत्तरपर्यंतचा पाढा एका दमात पुरा केला. लगेच मी "सात गुणिले आठ किती?" असे विचारले, तर पुन्हा गप्प. नातेवाइकांपैकी कोणी म्हणते की बुद्धीच गेली, कोणी म्हणते की ते मनावर घेत नाहीत. शब्द गेले म्हणजे विचारही गेला, असे समजायचे का?

शिरीषपुष्प:
मी वाचोपचाराचे काम करते. तुम्ही लिहिले आहे ते वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्या विकारात, नेहमी दिसते, आणि "मनावर घेत नाहीत" हे रुग्णावर अन्याय करणारे वाक्य आहे. पाढे, आरत्या, वारांची नावे, रागाच्या भरातली शिवी हे सारे घोटून एकसंध झालेले बोलणे असते. त्यात प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागत नाही. 'पेला' म्हणायचे तर तो शोधावाच लागतो. आपोआप येणारे बोलणे आणि हेतुपूर्वक केलेले बोलणे हा भेद इंग्रज मेंदुतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता.

तुमच्या मूळ प्रश्नासाठी मात्र फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या रुग्णाकडे पाहावे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या या माणसाला 'टान' एवढाच उच्चार करता येई, आणि फार चिडला तर एखादी शिवी. येथे किती वर्षे आहात, असे विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडून मिटला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस, आणि ते बरोबर होते. 1861 मध्ये तो वारल्यावर ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. पाठ्यपुस्तकांत ती इजाच गाजली, त्या बोटांबद्दल फारसे कोणी सांगत नाही.

सांजवात:
यात रशियन संगीतकार शेबालिन यांचीही भर घालावी. झटक्यांनंतर त्यांचे बोलणे आणि समजणे दोन्ही फार बिघडले होते, तरी त्यांनी 1962 मध्ये पाचवी सिंफनी पुरी केली. मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी त्यांच्यावर सविस्तर लिहिले आहे.

कृष्णाकमळ:
दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून सरसकट दिलासा देऊ नये असे मला वाटते. जर्मन मेंदुतज्ज्ञ वेर्निके यांनी 1874 मध्ये वर्णन केलेल्या वाचाघाताच्या प्रकारात रुग्ण घडाघडा बोलतो, पण त्यात अर्थ नसतो आणि समोरच्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. म्हणून आकलनाची तपासणी वेगळी व्हायला हवी, आणि ती घरच्या भाषेत व्हायला हवी. एका ओळखीच्या आजींची तपासणी हिंदीत झाली आणि त्या 'प्रतिसाद देत नाहीत' अशी नोंद कागदावर गेली. त्यांना मुळात हिंदी येतच नव्हते!

शिरीषपुष्प:
कृष्णाकमळ यांचे म्हणणे रास्त आहे. तोवर घरी एकच करावे: ज्याचे उत्तर हाताने देता येईल असा प्रश्न विचारावा, एका वेळी एकच, आणि नंतर थांबावे. आपण तीन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिल्याचे उत्तर बुडते.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. मराठीतून तपासणीची वेळ घेतली आहे. आज सकाळी चहात साखर किती घालू, असे विचारून मी थांबले. बराच वेळ गेला. मग बाबांनी तर्जनी वर केली आणि अंगठा तिच्या मधल्या पेरावर टेकवला. ते अर्धाच चमचा घेतात.