नणंदेसाठी प्रोटीन पावडर हवी आहे, कोणती घेऊ?

ए-२०२ : नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, स्लीव्हचं. विश्रांतीला ती आमच्याकडेच आहे आणि तिला विचारूनच इथे सोसायटीच्या ग्रुपवर लिहितेय. सध्या पातळ आहार चालू आहे. डिस्चार्जच्या कागदावर ‘प्रोटीन शेक, दिवसाला एकूण ६० ग्रॅम प्रोटीन’ एवढंच लिहिलंय. मेडिकलमध्ये गेले तर कपाटभर डबे. कोणाला अनुभव आहे का?

डी-५०४ : वहिनी, माझ्याकडे मास गेनर आहे, जवळजवळ भरलेला डबा. आणून देऊ का?

बी-६०३ : नको रे बाळा. तू मनापासून देतोयस, पण मास गेनर वजन वाढवायला असतो. त्यात प्रोटीनपेक्षा माल्टोडेक्स्ट्रिनच कितीतरी जास्त, आणि ते पोटात गेलं की साखरेसारखंच.

ए-१०१ : वरणाचं पाणी द्या की. आणि सातूचं पीठ. आमच्या वेळी आजारी माणसाला हेच द्यायचे.

बी-६०३ : काकू, वरणाचं नुसतं पाणी दिलं तर प्रोटीन तळाशीच राहतं. डाळ घोटून, गाळून द्यायला हवी. आपल्याकडच्या सातूत गहू असतो, त्यामुळे तो पुढे, डॉक्टर सांगतील तेव्हा.

ए-२०२, माझंही हेच ऑपरेशन झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. उरलेल्या पोटात एका वेळी जेमतेम लहान वाटीभर मावतं. शरीराला मात्र टाके भरायला आणि स्नायू टिकवायला प्रोटीन लागतंच. ते कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, अंगातलं त्राण जातं. म्हणून शेक. सुरुवातीला त्याला औषधच समजायचं.

डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून दे, मागचा तक्ता वाच. १०० ग्रॅमचा रकाना नाही, एका स्कूपचा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २० ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि साखर अगदी नावाला, असा डबा हवा. मग घटकांची यादी. पहिलं नाव ‘व्हे प्रोटीन आयसोलेट’ असेल तर उत्तम, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेलं, जवळजवळ शुद्ध प्रोटीन. साध्या कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, जास्त राहते आणि ऑपरेशननंतर अनेकांना दूध पचत नाही. पोट गुडगुडतं, जुलाब होतात. व्हे अजिबातच सोसलं नाही तर सोया किंवा वाटाण्याचं आयसोलेट मिळतं.

ए-२०२ : सासूबाईंनी हौसेने एक डबा आणलाय. त्यावर १०० ग्रॅममागे प्रोटीन ३४, साखर २० आहे. चालेल?

बी-६०३ : म्हणजे ३० ग्रॅमला प्रोटीन १० आणि साखर ६. नुसत्या याच्यावर ६० ग्रॅम गाठायला सहा वेळा प्यावं लागेल आणि ३६ ग्रॅम साखर पोटात जाईल. एवढ्या साखरेने घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. डंपिंग म्हणतात त्याला. वजनासाठी पोटाचं बायपास केलेल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं. सासूबाईंना प्रेमाने सांग, डबा घरातले बाकीचे संपवतील.

सेक्रेटरी : गुरुवारी दिवसभर मनपाचं पाणी बंद. बुधवारी रात्री टाक्या भरून ठेवाव्यात.

सी-३०१ : एक शंका. आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, मे २०२४ मध्ये सांगितलं होतं ना, प्रोटीन पावडरी टाळा म्हणून? आणि किडनीचं काय?

बी-६०३ : बरोबर आहे काका. पण तो सल्ला सर्वसाधारण लोकांसाठी, मुख्यतः शरीर कमावायला पावडर घेणाऱ्यांसाठी होता. इथे माणूस चार घासही खाऊ शकत नाही आणि पावडर डॉक्टरांनीच लिहून दिलीय. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर ६० ग्रॅम काही जास्त नाही. आधीपासून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करतात का ते सांगणारं माप, वाढलेलं असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरच ठरवतील. ए-२०२, तिचे रिपोर्ट एकदा बघून घे.

एफ-४०२ : माझी मैत्रीण केसांसाठी कोलॅजेन घेते. तेही प्रोटीनच ना?

बी-६०३ : आहे, पण अपुरं. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून ६० च्या हिशेबात धरायचं नाही. शिवाय ते जनावरांपासून काढतात, शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं. आणि ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेकांचे परत येतात. नणंदेला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाही.

ए-२०२ : काकू, ती म्हणते चॉकलेटच्या वासानेच मळमळतं.

बी-६०३ : होतं तसं, चवच बदलते. म्हणून मोठा डबा आणूच नकोस. एकेका वेळची पाकिटं मिळतात, दोन-तीन चवींची आण. गोड नकोच वाटलं तर बिनचवीचं आयसोलेट घे. पातळ ताकात जिरेपूड आणि चिमूटभर सैंधव घालून त्यात ढवळ, किंवा घोटलेल्या वरणात. वरण कोमट झाल्यावरच घाल. उकळत्यात टाकलंस तर गुठळ्या होतात आणि मग त्या गाळल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत.

शेकरमध्ये हलवलं की वर बोटभर फेस येतो. तो बसू दे, मगच दे, नाहीतर पोटात हवा भरते. स्ट्रॉ नको. औषधाच्या बाटलीवर टोपणासारखा छोटा माप-कप असतो ना, त्याने घोट घोट द्यायचं. एक शेक संपायला अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू दे. मधल्या वेळात पाणी चालूच ठेवायचं.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि सील बघून घे. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून अनोळखी माणसाकडून घेऊ नकोस. आणि उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, तर पावडर बदलत बसायचं नाही, तडक सर्जनना फोन. त्यात बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि नसांना इजा होते.

ए-१०१ : मग पावडर जन्मभर का ग?

बी-६०३ : नाही काकू. हळूहळू अंडं, पनीर, चक्का, मासे, डाळी सुरू झाल्या की बऱ्याच जणांचा शेक कमी होतो. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात ६. जेवताना पहिला घास प्रोटीनचा, भात-पोळी नंतर.

ए-१०१ : चक्का मी घरी बांधते. लागेल तेव्हा सांग ग ए-२०२.

ए-२०२ : नक्की काकू! आत्ताच आहारतज्ज्ञांशी बोलले. आयसोलेटच म्हणाल्या, दिवसातून दोनदा, बाकीचं ताक आणि घोटलेल्या डाळीतून. उद्या कर्वे रोडवरून बिनचवीची दोन पाकिटं आणि एक व्हॅनिला आणते. ६०३ काकू, पहिल्यांदा बनवताना याल का?

बी-६०३ : सातनंतर येते. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मात्र दुकानातूनच पाठव, पैसे देण्याआधी.