कोंडा, बोअरचं पाणी आणि पावसाळा: तेल वाढवू की बंद करू?

वडगाव_बेळगाव:
पाऊस लागल्यापासून डोक्यात कोंडा वाढलाय, खाजही सुटायलीय. रोज रात्री खोबरेल चोळून सकाळी शिकेकाईनं धुणं चालू आहे, तरी पोपडे निघायलेत. घरी बोअरचं पाणी. केस लांब, वाळायला दुपार होते. तेल वाढवू की बंद करू? पाणी बदलून फरक पडेल काय?

मलप्रभाकाठ:
ताई, आधी तेल थांबवा. कातडी कोरडी पडली म्हणून कोंडा झाला असं समजून तेल ओतलं जातं, पण बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलावर जगते. तेल फोडताना तयार होणाऱ्या आम्लांनी कातडी चिडते, तिचा वरचा थर भराभर सुटतो. रात्रभर मुरवलेलं तेल हा त्या बुरशीचा खुराकच. त्यात शिकेकाईनं एवढं तेल पुरतं निघत नाही.

मेडिकलमधून बुरशीवरचा केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आणा. आठवड्यातून दोनदा, ४ आठवडे. डोकं भिजवा, जागोजागी भांग पाडत दोन लहान चमचे शाम्पू कातडीला लावा, केसांना नव्हे. नखं न लावता बोटांच्या पेरांनी चोळा. मग घड्याळ बघून ५ मिनिटं थांबा आणि भरपूर पाण्यानं धुवा. लावलं की लगेच धुऊन टाकलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि सगळे चुकतात ते इथंच. कोंडा गेला तरी एकदम सोडू नका, पुढं १५ दिवसांतून एकदा चालू ठेवा. मधल्या दिवसांत साधा शाम्पू चालतो.

तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी तासभर, तेही केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला.

पागोळी:
पाण्याबद्दल. जड पाणी हे कोंड्याचं मूळ नव्हे, पण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा चिकट साका होतो आणि तो केसांना, कातडीला धरून बसतो. म्हणून अंगाचा साबण डोक्याला लावू नका. अर्धी बाटली बोअरचं पाणी घेऊन त्यात साबणाचा किस हलवून बघा: फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं तर ते जड आहे.

आपल्याकडं पावसाळ्यात यावर फुकटचा उपाय आहे, पावसाचं पाणी. सुरुवातीचे दोन-चार पाऊस कौलं धुवायला जाऊ द्यात, मग पागोळीखाली घागर ठेवा, कपड्यानं गाळा. शेवटचा एक तांब्या त्याचा घेतला तरी केस मोकळे राहतात.

ओल्या केसांचा अंबाडा मात्र नको. पंच्यानं टिपून मुळं वाळेपर्यंत केस सोडून ठेवा. दमट, उबदार कातडी बुरशीला फावते. सकाळी घाई असेल तर डोकं दुपारी धुवा.

वडगाव_बेळगाव:
दोघांचेही आभार. शाळेतल्या पोरीच्या डोक्यातही पांढरं दिसायलंय. तिलाही हाच शाम्पू चालेल काय ओ?

मलप्रभाकाठ:
आधी उजेडात बघा. पांढरा कण झटकल्यावर पडला तर कोंडा. केसाला चिकटून बसला, ओढूनही सरकत नसेल तर ती लीख. लिखेला हा शाम्पू उपयोगाचा नाही. ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणीनं मुळापासून टोकापर्यंत विंचरा, दर ३-४ दिवसांनी, दोन आठवडे. लीख साधारण ७ ते १० दिवसांत फुटते, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.

आणि गोल चट्टा, त्यात तुटके केस, वर पापुद्रा असं दिसलं तर तो डोक्याचा गजकर्ण समजून त्वचेच्या डॉक्टरांकडं न्या. बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, त्यामुळे वरून लावून जात नाही, काही आठवडे पोटात औषध घ्यावं लागतं. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. खाज थांबते, पण आत बुरशी पसरत राहते. आणि साधा कोंडाच निघाला तरी लहान मुलीला औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारूनच लावा.