तुमच्या घरचे खोबरेल कधी थिजते?

ठाण्यात थंडी पडते असे म्हटले की नाशिककडचे नातेवाईक हसतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पंखा पाचावरून दोनावर आणला की आमच्याकडे हिवाळा सुरू झाला असे मानतात. मी येथील एका शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा भरवसा पंख्यापेक्षा न्हाणीघरातल्या फळीवरच्या खोबरेलाच्या बाटलीवर अधिक आहे. खोबरेल साधारण 24 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपास थिजू लागते, त्यामुळे ही बाटली म्हणजे घरोघरी असलेला फुकटचा तापमापकच होय. म्हणून डिसेंबरात मी आठवीच्या वर्गाला सांगितले, की घरचे तेल ज्या दिवशी प्रथम थिजेल ती तारीख वहीत टिपून आणा. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांचे तेल नौपाड्यातल्या मुलांच्या आधी थिजले, हे अपेक्षितच होते. एका चिरंजीवांनी मात्र ‘आमच्या घरी ते मे महिन्यापासूनच थिजलेले आहे’ असे लिहून आणले. चौकशीअंती कळले, की त्यांची बाटली एसीच्या थेट झोताखाली असते. निरीक्षण खरे असल्याने मी पूर्ण गुण दिले.

त्या वह्या तपासताना आजी आठवली. निजण्यापूर्वी ती कोकमाच्या मुठेलाचा गोळा दिव्यावर किंचित धरून आमच्या भेगाळलेल्या टाचांवर घासायची, आणि त्या चटक्याने आम्ही ओरडलो की ‘थंडी कळली ना?’ एवढेच म्हणायची. तुम्हांला थंडी आल्याचे कशावरून कळते, किंवा पूर्वी कळत असे, ते सविस्तर लिहावे. अट एकच: अनुभव येथलाच हवा, महाबळेश्वरच्या सहलीचे वर्णन नको.

चरई, ठाणे (सेवानिवृत्त)

बाई, आपला तापमापक आमच्या काळी निकामी ठरला असता. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंश तापमानाची नोंद झाली, तेव्हा मी तिसरीत होतो. आकडा पुढे कळला. त्या सकाळचे मला आठवते ते एवढेच, की आईने बाटलीत उलथ्याचा दांडा घालून तेल खरवडून काढले होते आणि वडिलांनी कामावर जाताना कोटाच्या आत वर्तमानपत्र घडी करून घातले होते. मासुंदा तलावाच्या काठाने शाळेत जाताना पाण्यावरून वाफ निघताना दिसली, तेव्हा तलावाखाली कोणीतरी चूल पेटवली आहे अशी माझी आणि धाकट्या भावाची खात्री पटली होती.

कोपरखैरणे

माझे माहेर अकोल्याचे. येथे शेजारणी कानटोपी घालून दूध आणायला निघाल्या की मला हिवाळा कळतो, आणि हसू आवरत नाही.

सीबीडी बेलापूर

माझे आजोळ पेणजवळ असल्याने माझ्या लेखी थंडी म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा भरल्या, की मामा बांधावरून भांबुर्डीचा पाला आणायचा. मडक्याच्या तळाशी तो पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी परत पाला दाबून बसवलेला. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, सगळे आपल्याच वाफेवर शिजते. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवायच्या, आणि मग आगीभोवती बसून मोठ्यांनी भुताच्या गोष्टी सांगायच्या. शिजले की नाही हे पाहण्यासाठी मामा मडक्यावर पाणी शिंपडायचा. चर्र असा आवाज आला की आम्ही पुढे सरसावायचो. तीन वर्षांपूर्वी मुलांना हा सोहळा दाखवावा म्हणून मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर विटांचा थर लावून पोपटी लावली. मडके तापते न तापते तोच रखवालदार दोन बादल्या घेऊन वर आले आणि काही विचारण्याआधीच त्यांनी पहिली ओतली. चर्र आवाज झाला खरा. अर्धकच्च्या शेंगा आम्ही कुकरमध्ये शिजवून खाल्ल्या. मुलांना त्याच फार आवडल्या, हे मला अजून खटकते.

नेरूळ

आम्हांला खाडी सांगते. पाणथळीत रोहित पक्ष्यांचे पहिले थवे उतरले, की सासूबाई डिंकाचे लाडू करायला घेतात. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी त्यांच्या लेखी ते पक्षी अजून ‘लाडवांचे पाहुणे’च आहेत.

कळवा (आपला माजी विद्यार्थी)

बाई, सकाळी सातच्या शाळेला अंधारात निघावे लागणे ही माझी थंडीची खूण. 22 डिसेंबरला सर्वांत लहान दिवस असतो, असे आपणच शिकवलेत. मग जानेवारीत तर अधिकच अंधार असायचा, ही तक्रार तेव्हा करायची राहून गेली होती.

तक्रार रास्त आहे. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि संक्रांतीच्या सुमारास जवळजवळ सव्वासात वाजतात. दिवस मोठा होऊ लागतो, पण तो संध्याकाळच्या बाजूने, म्हणजे तुम्हांला खेळायला मिळणाऱ्या बाजूने. उत्तराला दहा-बारा वर्षे उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व.

आज दुपारी बाटली हलवून पाहिली, तर तेल कडेने सुटू लागले होते. शाळेतल्या हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत सात स्वेटर जमा झाले आहेत. प्रार्थनेच्या वेळी दोनदा सूचना देऊनही न्यायला कोणी आलेले नाही.