सुट्टीचे दोन महिने: वॉर्डात उभे राहावे, की लॅबमध्ये हात चालवावा?

प्रश्न (पदवी, द्वितीय वर्ष):
मी जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. पुढे आरोग्यसेवेतच काम करायचे, एवढे पक्के आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी की पॅथॉलॉजी लॅब, हे अजून ठरलेले नाही. मागच्या सुट्टीत एका रुग्णालयात पंधरा दिवस निरीक्षणासाठी गेले होते. राउंडमध्ये मी सर्वांत मागे असे, त्यामुळे रुग्णांपेक्षा पुढच्यांच्या पाठीच अधिक पाहिल्या. शेवटी प्रमाणपत्र मिळाले, परंतु आजही कुणाचे बीपी खात्रीने मोजता येत नाही. या वेळी पुन्हा रुग्णालयात जावे, सिम्युलेशन लॅबचा (जिथे रुग्णाऐवजी पुतळ्यांवर आणि रबरी अवयवांवर सराव करतात) अभ्यासवर्ग करावा, की वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काम करावे? हाताला खरोखर वळण कशाने लागेल?

उत्तर (नर्सिंग शिक्षिका):
कुठेही नाव नोंदवण्यापूर्वी एवढेच विचारा की, तुमचा हात चुकत असताना तो पाहणारे तिथे कुणी असेल का. बीपीचेच उदाहरण घेते. स्टेथोस्कोपने रक्तदाब ऐकण्याची पद्धत कोरोत्कॉफ यांनी 1905 मध्ये मांडली आणि आजही वर्गात तीच शिकवली जाते. पण नवख्या विद्यार्थ्याला आकडा विचारला की बहुतेक वेळा 120/80 हेच उत्तर येते, कारण आवाज नीट ऐकू आलेला नसतो आणि पुस्तकातला आकडा मात्र पाठ असतो. म्हणून मी दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा, कानांच्या दोन जोड्या असलेला स्टेथोस्कोप वापरते. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातली, म्हणजे कफमधली हवा भसकन सोडली, तर काटा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच उतरायला हवा होता, हे तिथल्या तिथे दाखवता येते. आधी मनगटाची नाडी बोटाखाली धरायची, ती लागेनाशी होईपर्यंत कफ फुगवायचा आणि त्यावर आणखी 30 मिलिमीटर न्यायचा, ही पायरी तर हमखास गाळली जाते. काही रुग्णांत आवाज मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतात. अशा वेळी कफ कमी फुगवलेला असला, तर वरचा आकडा प्रत्यक्षाहून बराच कमी नोंदला जातो.

सीपीआरचेही, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचेही, तसेच आहे. छाती पाच ते सहा सेंटिमीटर, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची, हे कुणालाही पाठ होते. दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून येतात आणि दाब नकळत उथळ होतो, हे मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर घाम गाळल्यावरच समजते. (1960 मध्ये बाजारात आलेली ती प्रसिद्ध मॅनिकिन आस्मुंड लेर्दाल या नॉर्वेतील खेळणी-उत्पादकाने घडवली होती, हे माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी गमतीचे वाटते.) माझे मत विचाराल तर आधी लॅब, मग वॉर्ड.

उत्तर (लॅब टेक्निशियन):
मॅडमच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. रबरी हातातली शीर बोटाखालून सरकत नाही आणि तो हात घाबरून मागेही ओढला जात नाही. अर्थात प्रशिक्षण आणि परवानगी यांशिवाय तुम्ही सुई हातात घ्यावी, असे मी मुळीच म्हणत नाही. कुणी आग्रह केला तरी नकार द्या. पण सॅम्पल घेण्याच्या टेबलाशेजारी सकाळी दोन तास नुसते बसलात, तरी पुष्कळ कळेल. “तुम्ही अमुक का?” असे विचारले की गोंधळलेला रुग्ण सरळ मान डोलावतो, म्हणून नाव त्यालाच सांगायला लावायचे, लेबल त्याच्यासमोरच चिकटवायचे.

शिकत असताना मी एकदा एका ट्यूबमध्ये रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले थोडे त्यात ओतले होते. रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसताच आमच्या वरिष्ठांनी मलाच बोलावले, कारण जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असलेल्या ईडीटीए या रसायनाच्या पोटॅशियमयुक्त क्षाराचा तो परिणाम होता. ट्यूबच्या झाकणांचे रंग मला त्या दिवसानंतर कधी पाठ करावे लागले नाहीत.

आणखी एक. कुठेही जाणार असाल तर हिपॅटायटिस बी लसीची चौकशी आताच करा. नेहमीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.

उत्तर (फिजिओथेरपी, अंतिम वर्ष):
वृद्धाश्रमाला कमी लेखू नका. पक्षाघात झालेल्या आजोबांना पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची त्यांच्या सशक्त बाजूला लावायची, हे मी पुस्तकात वाचले होते. पण ब्रेक लावायला विसरले की खुर्ची कशी मागे सरकते, हे तिथेच पाहिले. सुदैवाने मावशींनी ती पायाने अडवली. अशा जुन्या मावशींच्या हाताखाली महिनाभर काम मिळाले, तर अवश्य करा.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. पहिला महिना सिम्युलेशन लॅब आणि दुसरा वृद्धाश्रम, असे ठरवते आहे. लसीचा पहिला डोस या आठवड्यातच घेईन. मॅडम, अभ्यासवर्गाच्या चौकशीत मी तुम्ही म्हणता त्या स्टेथोस्कोपबद्दल विचारले, तेव्हा “एका तुकडीत चाळीस जण असतात” एवढेच उत्तर मिळाले. हा नकारच समजावा का?

नर्सिंग शिक्षिका:
होय. आठ-दहा जणांची तुकडी शोधा, मग ती लॅब साधी असली तरी चालेल.