डॉर्ड्रेख्ट बुडालं नव्हतं
१४२१ च्या पुरात नेदरलँड्समधलं डॉर्ड्रेख्ट हे शहर बुडालं, असं म्हटलं जातं. शहर नाही बुडालं हो. बुडाली ती शेजारची ग्रोटे वार्डची सुपीक जमीन, गावंच्या गावं. शहर तेवढं बेटासारखं उरलं.

पण त्याला पैसेवालं केलं तेही पाण्यानेच. १२२० ची शहराची सनद, आणि १२९९ पासून नदीतून जाणारा माल तिथे उतरवून विक्रीला ठेवायची सक्ती: ऱ्हाइनकडची वाइन, लाकूड, धान्य. आयती कमाईच म्हणा की!

तिथली फोरस्ट्राट ही दुकानांची गल्ली म्हणजे चक्क जुना बांध आहे. दारांच्या दोन्ही बाजूंना खाचा दिसतात. पाणी चढलं की त्यांत फळ्या सरकवायच्या.